सहा इंची दुर्बीण, पेन्सिल आणि योहान पालिसा : लघुग्रह डोळ्यांनी कसा शोधावा

तुमच्याकडे सहा इंची दुर्बीण असेल तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तेवढ्याच तोंडाच्या दुर्बिणीने एका माणसाने अठ्ठावीस लघुग्रह शोधले होते. कॅमेरा नाही, संगणक नाही. डोळा, घड्याळ आणि ताऱ्यांचे नकाशे, बस्स. त्यांचं नाव योहान पालिसा. पुढे मोठ्या दुर्बिणी मिळाल्यावर हा आकडा १२२ वर गेला आणि डोळ्याने लघुग्रह शोधणाऱ्यांत आजही त्यांच्या पुढे कोणी नाही. फोटोचा जमाना आला, त्यामुळे आता कोणी जाणारही नाही.

माझी सगळी नोकरी जमिनीचे नकाशे आखण्यात गेली. त्यामुळे आकाशाकडे वळले तेव्हा मला आकाशगंगांपेक्षा ही माणसं जवळची वाटली, जी रात्र रात्र बसून ताऱ्यांचे ठिपके कागदावर उतरवत होती. पालिसांच्या पद्धतीने लघुग्रह कसा गाठायचा ते इथे सविस्तर लिहिते आहे. मध्ये मध्ये त्यांची हकीकतही येईल, कारण पद्धत आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत.

जन्म ६ डिसेंबर १८४८, ऑस्ट्रियन सिलेशियातलं ट्रोपाऊ. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला ओपावा म्हणतात. व्हिएन्ना विद्यापीठात गणित आणि खगोलशास्त्र, मग व्हिएन्नाच्या वेधशाळेत साहाय्यक, मग काही काळ जिनिव्हा. १८७२ मध्ये, पंचविशीसुद्धा गाठली नव्हती तेव्हा, पोलाच्या नौदल वेधशाळेचे ते संचालक झाले. पोला म्हणजे आत्ताचं क्रोएशियातलं पुला, तेव्हा ऑस्ट्रियाच्या आरमाराचं मुख्य बंदर. तिथे १८ मार्च १८७४ ला त्यांना पहिला लघुग्रह सापडला. त्याचा क्रमांक १३६ आणि नाव ऑस्ट्रिया. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे आकाशात सूर्याच्या समोर असताना, तो साधारण बाराव्या प्रतीचा असतो. प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद. म्हणजे चांगल्या काळोख्या आकाशात तुमच्या सहा इंचीतून तो आजही दिसतो, पण पहिल्याच रात्री त्याच्या मागे लागू नका.

नकाशा आधी, लघुग्रह नंतर

लघुग्रह दुर्बिणीतून हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो. चकती नाही, शेपटी नाही, वेगळा रंग नाही. एकाच नजरेत 'हा लघुग्रह' असं सांगणं कोणालाच शक्य नाही, पालिसांनाही नव्हतं. त्याची ओळख एकाच गोष्टीवरून पटते : आज जिथे आहे तिथे तो उद्या नसतो. त्यामुळे खरी मेहनत लघुग्रह बघण्यात कमी आणि त्याच्या आजूबाजूचे तारे ओळखण्यात जास्त आहे. परिसरातला प्रत्येक बारका तारा तुम्हाला माहीत असेल, तर उपरा ठिपका आपोआप डोळ्यांत भरतो.

हे किती खरं आहे ते इतिहासातही दिसतं. १८०७ मध्ये जर्मन खगोलनिरीक्षक ओल्बर्सना व्हेस्टा हा लघुग्रह सापडला आणि त्यानंतर तब्बल अडतीस वर्षं एकही नवा लघुग्रह मिळाला नाही. पाचवा, अ‍ॅस्ट्रिया, डिसेंबर १८४५ मध्ये कार्ल हेन्के नावाच्या टपाल खात्यातल्या गृहस्थांनी शोधला, पंधरा वर्षांच्या चिकाटीनंतर. दुर्बिणी त्याआधीही होत्या. कमी होती ती बारीक ताऱ्यांच्या भरवशाच्या नकाशांची, आणि बर्लिन अकादमीचे नकाशे तयार होऊ लागले तेव्हा ती भरून निघायला लागली. याच मालिकेतला एक ताजा नकाशा हाताशी होता म्हणून २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिन वेधशाळेतल्या गाले आणि डारे यांना नेपच्यून एका रात्रीत ओळखता आला. पुढे लघुग्रह शोधणाऱ्या मंडळींनी क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक वाटेच्या, आसपासचे आपापले नकाशे काढायला घेतले. पालिसा याच परंपरेतले.

कुठला लघुग्रह, कुठली रात्र

सुरुवात व्हेस्टापासून करा. चांगल्या प्रतियुतीला तो पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंत उजळतो, साध्या बायनॉक्युलरमधून मिळतो. त्यानंतर सेरेस, पॅलस, जूनो, आयरिस. पालिसांचा लघुग्रह हाताशी लागण्यासाठी मात्र दहाव्या-अकराव्या प्रतीपर्यंत सराव हवा. साधा नियम असा ठेवा की तुमच्या दुर्बिणीतून जो सर्वांत मंद तारा दिसतो, त्यापेक्षा लघुग्रह किमान दोन प्रतींनी तेजस्वी असावा. काठावरचा ठिपका कधी दिसतो कधी नाही, आणि त्यावरून काढलेल्या नकाशावर विश्वास टाकता येत नाही.

तो कुठे आहे हे लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या संकेतस्थळावरून किंवा स्टेलेरियमसारख्या आकाश दाखवणाऱ्या संगणक प्रणालीवरून मिळेल. पण तिथून फक्त परिसर घ्या, म्हणजे दुर्बीण कुठे रोखायची तेवढं. नेमका ठिपका कुठला ते बघू नका. ते बघितलंत की डोळा तिथेच जाऊन बसतो आणि बाकीचा नकाशा उरकला जातो.

वेळ प्रतियुतीची निवडा. तेव्हा लघुग्रह सूर्याच्या बरोबर समोर असतो, मध्यरात्री सर्वांत उंच येतो, सर्वांत तेजस्वी असतो आणि भरभर सरकतो. मुख्य पट्ट्यातला, म्हणजे मंगळ आणि गुरूच्या मधला, लघुग्रह प्रतियुतीला दिवसाला साधारण बारा ते पंधरा कलांनी (साठ कलांचा एक अंश) वक्री, म्हणजे पश्चिमेकडे जातो. हे अंतर चंद्राच्या निम्म्या व्यासाच्या आसपास झालं. प्रतियुतीच्या काही आठवडे आधी आणि नंतर तो स्तंभी होतो, जवळजवळ थांबतोच. त्या दिवसांत नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण दोन रात्रींत फरकच दिसत नाही.

चंद्राबद्दल एक मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पौर्णिमेचा चंद्रही सूर्याच्या समोरच असतो. म्हणजे प्रतियुतीतला लघुग्रह जिथे असतो, नेमका त्याच टापूत पौर्णिमेचा चंद्र येऊन बसतो. म्हणून पंचांग किंवा कॅलेंडर उघडून अमावास्येच्या मागच्या-पुढच्या रात्री राखून ठेवा. तारीख प्रतियुतीपासून आठवडाभर इकडेतिकडे झाली तरी फारसं बिघडत नाही.

जागा निवडायची मुभा असेल तर मीन, मेष, सिंह, कन्या या राशींतले लघुग्रह घ्या. तिथे तारे विरळ असतात. धनू राशीत किंवा वृषभ-मिथुनच्या सीमेवर आकाशगंगेचा पट्टा आडवा येतो आणि एकेका दृष्टिक्षेत्रात शेकडो ठिपके. तिथला नकाशा काढणं मलाही जड जातं, आणि माझं आयुष्य ठिपके काढण्यात गेलं आहे.

दृष्टिक्षेत्र मोजणं

आयपीसमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, आकाशाचा केवढा तुकडा दिसतो हे माहीत नसेल तर नकाशाला मापच राहणार नाही. हे एकदाच मोजायचं. मृगाच्या पट्ट्यातला मिंटाका हा तारा जवळजवळ आकाशाच्या विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर) आहे. तो दृष्टिक्षेत्राच्या पूर्वेकडच्या काठावर आणा, दुर्बिणीची मोटर बंद करा आणि तो मधोमध सरकत पलीकडच्या काठाला जाईपर्यंतचे सेकंद मोजा. त्याला चारने भागलं की क्षेत्राची रुंदी कलांमध्ये मिळते. १६० सेकंद लागले तर ४० कला. या कामाला ४० कलांच्या आसपासचं क्षेत्र उत्तम. एका दिवसाची चाल त्यात मावते आणि तारेही आवाक्यात राहतात.

नकाशा काढणं

इथे घाई नको. सगळं यावरच अवलंबून आहे.

जाड, थोडा खरखरीत कागद घ्या. त्यावर कंपासने दहा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ आखा. ४० कलांचं क्षेत्र असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे चार कला, हिशेब सोपा. पेन्सिल दोन लागतील : टोकदार टू-एच जागा निश्चित करण्यासाठी आणि मऊ बी ठिपके गडद करण्यासाठी. टू-एचने जागा चुकली तरी खोडता येते. बीने थेट ठिपका दिला की खोडताना काजळी पसरते आणि सकाळी तीच काजळी मंद ताऱ्यासारखी भासते. उजेड लाल आणि अगदी मंद. टॉर्चवर लाल सेलोफेनच्या दोन-तीन घड्या बांधल्या तरी चालतं. डोळे काळोखाला सरावायला अर्धा तास जातो आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने तो सगळा वाया जातो.

पहिलं काम दिशा. मोटर बंद करा. तारे ज्या बाजूला सरकतात ती पश्चिम. वर्तुळाच्या बाहेर तिथे 'प' लिहा. मग दुर्बीण किंचित ध्रुवताऱ्याच्या दिशेने ढकला. क्षेत्रात ज्या काठाने नवे तारे आत येतात ती उत्तर. दोन्ही खुणा केल्याशिवाय एकही तारा काढू नका. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असतं, तिरक्या आरशाचा डायगोनल लावलेल्या भिंगाच्या दुर्बिणीत डावं-उजवं बदलतं, आणि दिशा न लिहिलेला नकाशा दुसऱ्या रात्री निरुपयोगी ठरतो.

आता सर्वांत तेजस्वी चार-पाच तारे. त्यातले दोन निवडा आणि त्यांच्यातलं अंतर क्षेत्राच्या रुंदीच्या किती भाग आहे ते ठरवून कागदावर बसवा. तिसरा तारा त्या दोघांशी कसला त्रिकोण करतो? समभुज, काटकोन, की फारच चपटा? जमीन मोजतानाही असंच करतात. पाया आधी, मग त्यावर त्रिकोण, मग त्रिकोणातले त्रिकोण. मंद तारे थेट मोकळ्या जागेत टाकायचे नाहीत. 'या दोघांना जोडणारी रेघ तेवढीच पुढे नेली तर तिथे', 'त्या तिघांच्या मध्यापासून जरा दक्षिणेला', असं प्रत्येकाला दोन ओळखीच्या ताऱ्यांशी बांधून घ्यायचं.

तेजस्वी तारे झाले की तिरपी नजर वापरा. बघायचं एका ठिकाणी, लक्ष द्यायचं शेजारी. डोळ्याचा मधला भाग काळोखात दुबळा असतो, त्यामुळे मंद तारे कडेनेच दिसतात. एखादा ठिपका एकदाच चमकून गेला तर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह करा. तीन वेळा त्याच जागी दिसला की ठिपका. दुर्बिणीला हलकी टिचकी मारली तरी मंद ठिपका पटकन लक्षात येतो, कारण हलणारी वस्तू डोळा आधी पकडतो.

ठिपक्याचा आकार तेजाप्रमाणे. चार आकार पुरेत. नकाशाच्या खाली तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, आयपीस आणि हवा कशी होती ते लिहा. शेवटची वेळ विशेष महत्त्वाची. नकाशा काढायला तास लागला, तर तेवढ्यात लघुग्रह अर्ध्या कलेहून जास्त सरकलेला असतो.

दुसरी रात्र

शक्यतो त्याच वेळेला, त्याच आयपीसने. कालचा नकाशा समोर ठेवा आणि एकेक तारा खूण करत जा. नवा नकाशा लगेच काढू नका, आधी ताळा घ्या.

दोन गोष्टी सापडायला हव्यात. काल जिथे ठिपका होता तिथे आज रिकामं. काल जिथे रिकामं होतं तिथे आज ठिपका, तेवढ्याच तेजाचा. दोन्ही मिळाल्या, नवी जागा पश्चिमेला आहे, आणि अंतर दहा-पंधरा कलांच्या घरात आहे, तर लघुग्रह तुमचा. फक्त एकच मिळाली तर थांबा. नुसता नवा ठिपका म्हणजे काल सुटलेला मंद तारा असू शकतो. नुसता नाहीसा झालेला ठिपका म्हणजे चंचल (तेज बदलणारा) तारा किंवा जवळच्या तेजस्वी ताऱ्याचं आयपीसमधलं प्रतिबिंब. खात्रीसाठी तिसरी रात्र लागते. आता संगणकावरची नेमकी जागा उघडून बघायला हरकत नाही.

दुसऱ्या रात्री ढग येणार असतील तर एकाच रात्रीत भागवता येतं, मात्र नशिबाने लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या अगदी शेजारी हवा. ताशी तीस-पस्तीस विकलांची (साठ विकलांची एक कला) चाल असते. दोन तासांत जोडीतलं अंतर नाहीतर कोन बदललेला स्वच्छ दिसतो. स्थिर वाटणाऱ्या आकाशात ते सरकणं प्रत्यक्ष बघण्यासारखं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

मोजमाप, आणि आल्बर्टची गोष्ट

बहुतेक हौशी लोक इथेच थांबतात. पालिसांसाठी मात्र खरं काम इथून पुढे होतं. जागा मोजली नाही तर कक्षा काढता येत नाही, आणि कक्षा नसेल तर पुढच्या वर्षी तो कुठे बघायचा?

३ ऑक्टोबर १९११ ला व्हिएन्नात पालिसांना एक मंद लघुग्रह सापडला. पुढे त्याला ७१९ क्रमांक आणि आल्बर्ट हे नाव मिळालं, वेधशाळेचे आश्रयदाते आल्बर्ट फॉन रॉथ्सचाइल्ड यांच्या स्मरणार्थ. हा मुख्य पट्ट्यातला नेहमीचा गडी नव्हता. त्याची कक्षा पृथ्वीच्या जवळ येते, त्यामुळे तो झपाट्याने मंद होत गेला. मोजक्याच रात्रींच्या नोंदी हाती आल्या, त्यावरून काढलेली कक्षा कच्ची राहिली, आणि आल्बर्ट हरवला. २००० साली लघुग्रह शोधणाऱ्या स्पेसवॉच प्रकल्पाच्या निरीक्षणांत एक वस्तू दिसली आणि हिशेब जुळवल्यावर कळलं की हा तोच. क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांत तोपर्यंत तोच एक बेपत्ता उरला होता. माझ्यासारख्या नोंदी ठेवणाऱ्या बाईला ही बातमी एखाद्या हरवलेल्या नातेवाइकाचा पत्ता लागावा तशी वाटते.

मोजायचं कसं? नुसत्या स्टॉपवॉचने होतं. ज्याची जागा यादीत दिलेली आहे असा एखादा तारा लघुग्रहाजवळ निवडा. मोटर बंद करा. रेघांचा आयपीस असेल तर उत्तर-दक्षिण रेघेला आधी कोण लागतं आणि नंतर कोण, त्या वेळा नोंदवा. तारा ११ वाजून ८ मिनिटं १४ सेकंदांनी लागला आणि लघुग्रह ११ वाजून ८ मिनिटं ५६ सेकंदांनी, तर लघुग्रहाचा विषुवांश, म्हणजे आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान, ताऱ्यापेक्षा ४२ सेकंदांनी जास्त. विषुवांश वेळेतच मोजतात, त्यामुळे रूपांतरही नको.

क्रांतीसाठी, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनच्या उत्तर-दक्षिण अंतरासाठी, रेघसुद्धा लागत नाही. गोल क्षेत्रातून वस्तू जितकी मधून जाईल तितका तिला जास्त वेळ लागतो, कडेने गेली तर कमी. ४० कलांच्या क्षेत्रातून विषुववृत्ताजवळचा लघुग्रह १२८ सेकंदांत पार झाला, तर त्याची वाट ३२ कलांची. तिची निम्मी सोळा, क्षेत्राची त्रिज्या वीस, म्हणजे पायथागोरसप्रमाणे मध्यापासून अंतर बारा कला. ताऱ्याचंही तसंच काढा. दोघं मध्याच्या कुठल्या बाजूने गेले ते लिहून ठेवा, मग बेरीज करायची की वजाबाकी ते ठरेल. विषुववृत्तापासून दूर असाल तर सेकंदांना क्रांतीच्या कोज्येने (कोसाइनने) गुणावं लागतं. त्या काळी हेच गणित कडीच्या सूक्ष्ममापकाने करत आणि सेकंद घड्याळाची टिकटिक कानाने मोजून धरत. डोळा आयपीसला, कान घड्याळाला. पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या. एकाच मापावर कधी विसंबू नका.

अशी डोळ्याची मापं आजच्या कामाला पुरेशी बारीक नसतात. मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवायचं असेल तर डिजिटल कॅमेरा आणि वेधशाळेचा संकेतांक लागतो. पण आपण मोजलेल्या तीन-चार रात्रींचे बिंदू आलेखावर टाकून वक्री वाट स्वतःच्या हाताने उमटताना बघितली, की कक्षा म्हणजे काय हे जसं समजतं तसं पुस्तकातून समजत नाही.

मोठी दुर्बीण आणि विकाऊ नाव

१८८० मध्ये पालिसांनी पोलाचं संचालकपद सोडलं आणि व्हिएन्नाच्या नव्या वेधशाळेत कनिष्ठ पद पत्करलं. कारण तिथे डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली सत्तावीस इंची भिंगाची दुर्बीण उभी राहत होती, तेव्हा जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण. शिवाय एक बारा इंचीही होती. खुर्चीपेक्षा दुर्बीण मोठी मानणाऱ्या या निर्णयामुळेच मला पालिसा मनापासून आवडतात. उरलेले ९४ लघुग्रह व्हिएन्नात मिळाले.

त्यातले काही आता जगप्रसिद्ध आहेत. २४३ आयडा (२९ सप्टेंबर १८८४) जवळून गॅलिलिओ यान २८ ऑगस्ट १९९३ ला गेलं आणि त्याला डॅक्टिल नावाचा चिमुकला चंद्र असल्याचं उघड झालं. लघुग्रहाच्या चंद्राचा तो पहिला पक्का पुरावा. २५३ माथिल्डचे फोटो निअर यानाने २७ जून १९९७ ला घेतले. पालिसांना आयुष्यभर जे ठिपके म्हणूनच दिसले, त्यांच्यावरचे खड्डे आपण बघतो. आयडानंतर दोनच आठवड्यांनी सापडलेल्या २४४ क्रमांकाच्या लघुग्रहाचं नाव सीता आहे, आपल्या रामायणातली. तो चौदाव्या प्रतीच्या आसपास असतो, सहा इंचीला झेपणारा नाही. पण मोठ्या दुर्बिणीवर रात्र मिळाली तर मी पहिल्यांदा तोच बघीन.

ग्रहणांसाठीही ते फिरले. ६ मे १८८३ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ते प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटावर होते. बुधाच्या आत व्हल्कन नावाचा ग्रह असावा अशी तेव्हा चर्चा होती, तो शोधायला. असा ग्रह दिसला नाही, आणि पुढे कळलं की तो नाहीच. १८८६ च्या ग्रहणाच्या प्रवासासाठी पैसे हवे होते म्हणून एका लघुग्रहाला नाव देण्याचा हक्क त्यांनी ५० पौंडांना विकायला काढला. रॉथ्सचाइल्ड यांनी २५० क्रमांकाला आपल्या पत्नीचं, बेटिनाचं नाव दिलं. आज असं चालत नाही. शोधणाऱ्याने नाव सुचवायचं, आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या समितीने मंजूर करायचं, आणि पैशाने नाव मिळत नाही. 'तुमच्या नावाचा लघुग्रह' विकणारी जाहिरात दिसली तर सरळ पुढे जा.

२२ डिसेंबर १८९१ ला हायडेलबर्गच्या माक्स वोल्फ यांनी फोटोच्या काचेवर पहिला लघुग्रह पकडला, ३२३ ब्रुसिया. तास-दोन तास काच उघडी ठेवली की तारे ठिपके राहतात आणि लघुग्रहाची बारीक रेघ उमटते. डोळ्याने शोधणाऱ्याला हा मोठाच धक्का होता. पालिसांनी वोल्फशी हातमिळवणी केली. काचेवर सापडलेले मंद लघुग्रह ते व्हिएन्नाच्या मोठ्या दुर्बिणीतून गाठून मोजत. पुढे दोघांनी मिळून ताऱ्यांचे नकाशे छापले. फोटो वोल्फचे, त्यावरची विषुवांश-क्रांतीची जाळी पालिसांची. दोनशेहून अधिक पानं. पालिसांनी १९१६ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला वोल्फियाना नाव दिलं, १९१९ साली सापडलेला वोल्फचा एक लघुग्रह पालिसाना झाला. त्यांचा स्वतःचा शेवटचा शोध सप्टेंबर १९२३ मधला, १०७३ जेलिवारा. वय चौऱ्याहत्तर, निवृत्तीला चार वर्षं झालेली. २ मे १९२५ ला व्हिएन्नात ते गेले.

पालिसांचे कुठले लघुग्रह घ्यावेत

व्हेस्टा-सेरेसवर हात बसला की २१६ क्लिओपात्रा घ्या. पोलाहून १० एप्रिल १८८० ला सापडलेली. सूर्याजवळच्या टोकाशी असताना प्रतियुती आली तर ती नवव्या प्रतीपर्यंत जाते, एरवी दहा-अकरा. रडारने बघितल्यावर तिचा आकार दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये निमुळत्या हाडासारखा निघाला. ती साडेपाच तासांहून थोड्या कमी वेळात स्वतःभोवती फिरते आणि लांबट असल्यामुळे काही वर्षी तिचं तेज एका फेरीत जवळजवळ पूर्ण एका प्रतीने खालीवर होतं. तेव्हा जागेबरोबर तेजाचीही नोंद ठेवा. तिच्यापेक्षा जरा तेजस्वी आणि जरा मंद असे दोन तारे निवडा आणि दर वीस मिनिटांनी ठरवा की ती दोघांमध्ये कुठे बसते. सर्वांत तेजस्वीपासून सर्वांत मंद व्हायला तिला सुमारे ऐंशी मिनिटं लागतात. ते चढउतार नुसत्या डोळ्याने टिपता येतात.

मग १३६ ऑस्ट्रिया, पहिला म्हणून. १५३ हिल्डा जरा कठीण, चांगल्या वर्षीही बाराव्या प्रतीच्या पलीकडे. ती गुरूच्या दोन फेऱ्यांत सूर्याभोवती तीन फेऱ्या करते आणि अशा कक्षेतल्या सगळ्या लघुग्रहांचा गट तिच्याच नावाने ओळखला जातो.

आणि ३२४ बांबेर्गा, २५ फेब्रुवारी १८९२ चा. तिची कक्षा चांगलीच लांबट आहे, त्यामुळे बहुतेक प्रतियुतींना ती मंद असते, पण दर बावीस वर्षांनी ती सूर्याजवळ असतानाच आपल्यासमोर येते आणि आठव्या प्रतीपर्यंत उजळते. सप्टेंबर २०१३ मध्ये आली होती. आता सप्टेंबर २०३५, मीन राशीच्या परिसरात. तारे तिथे विरळ आहेत. त्या टापूचे नकाशे आधीच्या वर्षांत सवडीने काढून ठेवले, तर त्या रात्री फक्त ताळा घेणं उरेल.